साखरेचा वॉश मध्येच बंद पडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी नऊ वर्षं फर्मेंटेशन खात्यात काढली. आता ऑकलंडला असतो आणि गॅरेजच्या कोपऱ्यात २५ लिटरची एक बादली ठेवून तोच उद्योग हौसेखातर करतो: साखर पाण्यात विरघळवायची, यीस्ट (खमीर) टाकून आंबवायची आणि मग ते गाळून दारू करायची. गाळण्याआधीचं ते आंबवण म्हणजे वॉश, आणि साखर संपायच्या आतच आंबणं थांबलं की वॉश बंद पडला म्हणायचं. जून उजाडला, थंडी पडली, की इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात: "काका, बंद पडलं." पुढचं संभाषण दरवर्षी तेच असतं, म्हणून ते एकदाच लिहून ठेवलं आहे.

हे कायदेशीर आहे का?

न्यूझीलंडमध्ये आहे. १९९६ पासून इथे स्वतःच्या पिण्यापुरती दारू घरी गाळायला मुभा आहे. विकायची नाही. ओळखीत पैसे घेऊन एक बाटली दिली तरी ती विक्रीच. समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे, त्यामुळे मेलबर्नच्या मेव्हण्याला हा मजकूर पाठवताना विचार करा.

महाराष्ट्रात तर प्रश्नच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गाळणंच काय, त्यासाठी आंबवलेलं द्रव्य घरात साठवणंही गुन्हा आहे. छाप्याच्या बातमीत "गूळमिश्रित रसायन नष्ट केले" असं वाचतो ना, ते रसायन म्हणजेच आपला वॉश. गावाकडे कुणी हे करून बघायचं म्हणत असेल, तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

तीन दिवसांपूर्वी एअरलॉक भडाभडा वाजत होता, आता एकही बुडबुडा नाही. मेलं का?

एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी, हे मोजायचं साधन नव्हे. झाकणाचं रबर जरा तिरकं बसलं की वायू तिकडून निघून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. उलट सकाळी ऊन पडून गॅरेज तापलं, की काम संपलेल्या वॉशमधूनही विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक उगाच टकटक करतो. आधी हायड्रोमीटर काढा, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी तरंगती काचेची नळी (पाणी १.०००, साखर जास्त तितका आकडा वर). चोवीस तासांच्या अंतराने दोनदा वाचा. दोन्ही आकडे सारखे आणि १.००० च्या वर असतील, तरच बंद पडलं म्हणा.

आकडा ०.९९० च्या आसपास असेल तर अभिनंदन, काही बिघडलेलं नाही. साखर संपली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून आकडा एकच्या खाली जातो. या एका वाक्यावर माझे निम्मे फोन संपतात.

माझा मीटर भलतंच काहीतरी दाखवतो.

तीन चुका नेहमीच्या. पहिली: गाळलेल्या दारूची तीव्रता मोजायचा अल्कोहोलमीटर वॉशमध्ये बुडवला. तो फक्त पाणी आणि अल्कोहोल एवढंच ओळखतो, साखर असली की त्याचा आकडा निरर्थक. दुसरी: रिफ्रॅक्टोमीटर. उसाच्या शेतात ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघायला उत्तम, पण वॉशमध्ये अल्कोहोल तयार झालं की तो साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. संपलेला वॉश अडकल्यासारखा वाटतो आणि माणूस उगाच त्यात काहीबाही ओतत बसतो. तिसरी: हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे. ते त्याला वर उचलतात. नमुना दोन भांड्यांत चार-पाच वेळा वरखाली करून वायू काढा, मग हायड्रोमीटर सोडताना बोटांनी गरकन फिरवा.

हायड्रोमीटर फुटला. आता?

बादली वजनकाट्यावर ठेवा. एक किलो साखर पूर्ण आंबली की जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. ५ किलो साखर घातली असेल, तर शेवटी बादली साधारण २.४ किलोने हलकी व्हायला हवी. सव्वा किलोच कमी झाली असेल तर निम्मी साखर अजून आतच आहे. खरं तर हायड्रोमीटर धड असतानाही मी वजन करतो, झाकण उघडावं लागत नाही. फक्त सुरुवातीचं वजन बादलीवर लिहून ठेवायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

बंद पडलंय हे नक्की. का पडलं ते कसं ओळखायचं?

कुठे थांबलं ते बघा. दुखणं कुठलं ते त्यावरून बरंचसं कळतं.

सुरूच झालं नाही, दोन दिवसांनीही आकडा हललेला नाही: यीस्ट जुना होता किंवा तुम्ही तो मारलात. साखर विरघळवायला उकळतं पाणी घेतलं, वरून थंड पाणी घातलं, "कोमट वाटतंय" म्हणून यीस्ट टाकला आणि ते कोमट पन्नास अंश होतं. थर्मामीटर घालून बघा, ३० च्या खाली आल्याशिवाय यीस्ट टाकू नका. फळाच्या रसावर करत असाल तर बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट लिहिलं असेल, तर तो रस आंबू नये म्हणूनच ते घातलेलं आहे.

सुरू झालं, जोरात पळालं आणि अर्ध्यात थांबलं: समजा १.०९२ वरून निघालं आणि १.०४० वर अडकलं. दोन आकड्यांतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोलचा अंदाज येतो, इथे ६.८ टक्के. कुठलाही यीस्ट पावणेसात टक्क्यांना झिंगून पडत नाही. इथे दोषी तिघांतलाच एक: आंबटपणा, उपासमार नाहीतर थंडी. खरोखर बंद पडलेल्यांतले दहातले आठ फोन याच प्रकारचे असतात.

शेवटाजवळ थांबलं: १.१२२ वरून १.०१५ पर्यंत आलं आणि आता हलत नाही. म्हणजे १४ टक्के झाले. ब्रेडचा यीस्ट असेल तर त्याने कमालच केली. ती त्याची मर्यादा आहे, आजार नव्हे.

गूळ किंवा मळी बिनबोभाट चालते, मग शुभ्र साखरच का अडते?

कारण शुभ्र साखरेत साखरेशिवाय काही नसतं.

ऑकलंडच्या बर्कनहेडला चेल्सीचा साखर कारखाना आहे, १८८४ पासूनचा. तिथे कच्ची साखर येते आणि शुभ्र होऊन बाहेर पडते. शुभ्र करणं म्हणजे काय, तर खनिजं, नत्र, सेंद्रिय आम्लं, रंग, जे जे यीस्टच्या पोटाला लागतं ते ते काढून टाकणं. आमच्या डिस्टिलरीत यायची ती मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळाकुट्ट गाळ. साखर विकून उरलेलं सगळं जीवनसत्त्व आमच्या वाट्याला यायचं. म्हणून तिथला यीस्ट धष्टपुष्ट.

आणि दुसरी गोष्ट, जी मला इथे येऊन कळली. मळीतली खनिजं आणि आम्लांचे क्षार मिळून पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) सांभाळून धरतात. यीस्ट आंबवताना आम्ल बाहेर टाकतच असतो, पण मळी ते पचवते. इतकं, की कारखान्यात आम्हाला सुरुवातीला आम्ल *घालून* पीएच साडेचार-पाचवर आणावा लागायचा. नऊ वर्षांची सवय. ऑकलंडच्या पहिल्या हिवाळ्यात मी ६ किलो साखर घेतली, २५ लिटर केलं आणि परसातल्या झाडाचे चार लिंबू पिळून आत घातले. इथे प्रत्येक दुसऱ्या घराच्या मागे लिंबाचं झाड असतं, फुकटचं म्हणून हात सैल. चौथ्या दिवशी १.०४० वर ठप्प. मी अजून यीस्ट टाकला. मग बादलीला गोधडी गुंडाळली. मग अजून यीस्ट. आठवड्याने पीएचची पट्टी बुडवली तर ३ च्याही खाली. साखरेत आम्ल पेलायला काही नाही, इथलं नळाचं पाणीही हलकं, क्षार नसलेलं, त्यात माझे चार लिंबू. डिस्टिलरीत नऊ वर्षं काढलेला माणूस आणि पट्टी आठव्या दिवशी बुडवतो! बायको अजूनही नवीन बादली दिसली की "लिंबू आणू का?" विचारते.

लिंबाबद्दल आणखी एक. "आम्ल घालून साखर उकळली की ती फुटते आणि यीस्टला सोपी जाते" असं बरेच जण सांगतात. साखर फुटते हे खरं. पण यीस्टकडे ते काम करणारं स्वतःचं इन्व्हर्टेज विकर असतंच आणि तो ते हा हा म्हणता उरकतो. गॅस जाळून त्याची मदत करायची गरज नाही.

पीएच किती हवा, आणि घसरला तर काय घालायचं?

सुरुवात ५ ते ५.५ वर. आंबताना तो ४ च्या खाली येणारच, घाबरू नका. ३.४ च्या खाली गेला की यीस्ट रखडतो, ३ च्या आसपास हात टेकतो. लिटमसचा लाल-निळा कागद उपयोगाचा नाही, आकडे दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या, दारूचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात.

वर आणायला सर्वांत शहाणा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांना घालतात तो, स्वच्छ धुऊन उकळून मूठभर एका जाळीदार पिशवीत बांधायचा आणि पहिल्या दिवसापासून बादलीत सोडायचा. वॉश जेवढा आंबट होईल तेवढाच तो विरघळतो, आंबटपणा कमी झाला की थांबतो. तुम्ही झोपलेले असताना तो पहारा देतो. अंड्याची टरफलंही चालतात, पण उकळून, आतला पापुद्रा काढून.

शाळेतला खडू? जुन्या काळी चालला असता. हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात आणि जिप्सम आम्ल मारत नाही.

पानाला लावायचा चुना? नको. तो कार्बोनेट नव्हे, विरलेला चुना आहे, भयंकर तेज. चिमूट जास्त झाली की पीएच आठ-नऊला जातो, मग तो उतरवायला पुन्हा लिंबू, आणि तुम्ही माझ्या पहिल्या हिवाळ्यात पोचता.

खायचा सोडा अडचणीला चालतो. अर्धा चमचा, ढवळा, थांबा, पट्टी बुडवा, मग पुन्हा अर्धा. त्यातलं सोडियम यीस्टला फार मानवत नाही, म्हणून वाटीभर ओतून मोकळं होऊ नका.

एक धोका मात्र सगळ्यांत सारखा. वायूने भरलेल्या वॉशमध्ये कोरडी पूड टाकली की फेसाचा डोंगर उसळतो आणि निम्मी बादली गॅरेजच्या फरशीवर येते. आधी ढवळून वायू काढा, मग पूड मगभर वॉशमध्ये वेगळी कालवून हळूहळू घाला.

यीस्टला खायला काय द्यायचं? गावाकडे तर नवसागर घालतात.

हातभट्टीच्या प्रत्येक बातमीत सडका गूळ आणि नवसागर ही जोडी असते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शोधलं, की यीस्टला नत्र हवं. विचार बरोबर, वस्तू चुकीची. बाजारातला नवसागर कल्हईवाल्याचा माल आहे, खाण्याच्या प्रतीचा नव्हे.

तेच काम नीट करतं ते खाद्य प्रतीचं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), वाइनच्या दुकानातलं. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे २५ लिटरला २५ ग्रॅम. निम्मं सुरुवातीला, निम्मं एक तृतीयांश साखर संपल्यावर. शेतातलं १८:४६ चं पोतं नावाने तेच असलं तरी ते खत आहे. त्यात काय काय अशुद्ध असेल त्याची हमी कुणी देत नाही, कारण ते माणसाने प्यायचं नसतं.

युरियाबद्दल विचारूच नका. कारखान्यात सर्रास वापरायचो, पण तिथलं बहुतेक उत्पादन पेट्रोलमध्ये मिसळायला जायचं. युरिया आणि अल्कोहोल एकत्र आले, त्यात उष्णता मिळाली, की एथिल कार्बामेट तयार होतं आणि त्याचा संबंध कर्करोगाशी लावला जातो.

नत्राने पोट भरतं, पण ताकद येत नाही. त्यासाठी ब जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, जस्त लागतं. घरगुती उपाय: ब्रेडचा यीस्ट दोन मोठे चमचे घ्या, कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, थंड करून आत घाला. मेलेला यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम अन्न. ऐकायला भयंकर वाटतं, पण चालतं. चिमूटभर एप्सम सॉल्टही (मॅग्नेशियमचा क्षार) घाला. काही जण टोमॅटोची पेस्ट घालतात, तीही चांगली, बादली मात्र रस्सा केल्यासारखी दिसते.

वॉश ९-१० टक्क्यांच्या पुढे जाऊन अडकला असेल, तर मात्र डीएपी घालू नका. त्या अल्कोहोलमध्ये यीस्टला ते उचलता येत नाही, नुसतं पडून राहतं. तिथे उकळलेला मेलेला यीस्टच द्या. तो अन्न तर पुरवतोच, शिवाय दमलेल्या यीस्टने बाहेर टाकलेली काही विषारी मेदाम्लंही स्वतःवर ओढून घेतो.

किती तापमान ठेवायचं?

ब्रेडच्या यीस्टला २५ ते ३० अंश. जुलैत ऑकलंडच्या रात्री सात-आठ अंशांना जातात, डनिडिनची तर बातच सोडा, आणि इथल्या जुन्या घरांच्या गॅरेजला ऊब म्हणून काही नसते. थंडीत आंबोळीचं पीठ जसं सकाळी तसंच्या तसं बसलेलं असतं, तसाच यीस्ट तळाशी जाऊन झोपतो. मेलेला नसतो. बादली घरात आणा, हीट बेल्ट लावा किंवा मोठ्या टबात पाणी घालून त्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडा. २५ अंशांवर आली, की झाकण न उघडता बादली गोल हलवून साका वर उठवा. पीएच चांगला असेल तर एक-दोन दिवसांत पुन्हा फसफसायला लागेल.

आणि जमीन थंड असते हे लक्षात घ्या. सिमेंटच्या फरशीवर थेट ठेवू नका, खाली थर्मोकोल घाला.

उलट बाजूचा त्रास मोठ्या पिंपाला होतो. आंबताना उष्णता निघते, २५ लिटरची बादली ती बाहेर टाकते, २०० लिटरचं पिंप टाकू शकत नाही. कारखान्यात एप्रिल-मे महिन्यांत फर्मेंटरचा पारा ३३ च्या आत ठेवण्यासाठी आम्ही रात्रपाळीला थंड पाण्याच्या पंपाशेजारीच बसून असायचो. ३८ च्या पुढे गेलं आणि वर अल्कोहोलही असलं, की यीस्ट खरंच मरतो.

नुसता अजून यीस्ट टाकला तर?

माझं काय झालं ते वर वाचलंत. आंबट, उपाशी, दारूने भरलेल्या वॉशमध्ये कोरडा यीस्ट भुरभुरणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला वाचवायला दुसरा पोहता न येणारा ढकलणं. आधी पीएच आणि तापमान जागेवर आणा. दोन दिवस वाट बघा. बऱ्याचदा जुनाच यीस्ट उठतो.

नाहीच उठला तर विरजण लावायचं. ईसी-१११८ नावाचा वाइनचा यीस्ट घ्या, तो १८ टक्क्यांपर्यंत तग धरतो. ५ ग्रॅमची दोन पाकिटं २५० मिली पाण्यात, ३५ ते ३८ अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं भिजवा. मग त्यात २५० मिली पाणी, दोन चमचे साखर आणि चिमूटभर पोषण घाला. फेस धरू द्या. फेस आला की अर्धा लिटर अडकलेला वॉश, कोमट करून. पुन्हा फेस येईपर्यंत थांबा, मग एक लिटर, मग दोन. दरवेळी दुप्पट, दरवेळी फेस बघून. चार-पाच लिटर झालं आणि ते जोमात चाललं, की बादलीत ओता. दिवसभराचं काम आहे, पण नवा यीस्ट पायरीपायरीने त्या दारूला सरावतो. पहिल्या घोटाला फेस आला नाही तर पुढे जाऊ नका, वॉशमध्ये अजून काहीतरी बिघाड आहे आणि तुमचे दहा ग्रॅम तरी वाचले.

टर्बो यीस्टच्या (पोषण आधीच मिसळलेल्या तयार यीस्टच्या) पाकिटावर ८ किलो साखर लिहिली होती, तीच घातली. चुकलं का?

अक्षरशः वाचलं तर नाही. पण एकूण २५ लिटरमध्ये ८ किलो म्हणजे १.१२२, पूर्ण आंबलं तर अठरा-एकोणीस टक्के. एवढ्या घट्ट पाकात यीस्टच्या अंगातलंच पाणी ओढलं जातं. ६ किलोला १.०९२, ५ किलोला १.०७६, ४ किलोला १.०६१. मी ५ वर थांबतो. पाच दिवसांत संपतं, वासही स्वच्छ येतो. आठ किलोवाल्यांना जास्त दारू मिळते खरी, सोबत डोकेदुखीही.

"एकूण २५ लिटर" यातला एकूण महत्त्वाचा. एक किलो साखर विरघळून साधारण ६२० मिली जागा व्यापते. २५ लिटर पाण्यात ८ किलो घातली तर तीस लिटर होतं. आणि साखर पूर्ण विरघळली का ते बघा. तळाशी पाक बसलेला असेल तर सुरुवातीचा आकडा खोटा येतो, आणि तिसऱ्या दिवशी ढवळल्यावर अचानक "साखर वाढली" असं वाटतं.

घट्ट वॉश अडकला असेल तर सर्वांत स्वस्त औषध पाणी आहे. चार-पाच लिटर कोमट पाणी, झालं. दारूही पातळ होते, साखरही, आणि यीस्ट श्वास घेतो. लोकांना हे पटत नाही, कारण औषध विकत आणलेलं नसतं.

मग श्वासासाठी हवा भरू का?

सुरुवातीला, यीस्ट टाकण्याआधी, जोरात ढवळून भरपूर. अर्ध्या वाटेवर नाही, तेव्हाच्या हवेने व्हिनेगर होतं.

ऑकलंडमधल्या सँड्रिंगहॅमच्या दुकानातून गूळ आणला, १.०१२ वर थांबला.

बहुतेक संपलाय. गुळात यीस्टला न पचणारे पदार्थ असतात, ते शेवटपर्यंत आकडा वर धरून ठेवतात. शुभ्र साखरेसारखा ०.९९० येणार नाही. दोन दिवस आकडा हलला नाही आणि चाखल्यावर गोड लागत नसेल तर संपला समजा.

सुरूच व्हायला रडला असेल तर गुळाचा रंग बघा. सोन्यासारखा पिवळाधमक गूळ हा बहुधा हायड्रो पावडरची करामत असतो. गुऱ्हाळावर रस उकळताना रंग काढायला ती टाकतात आणि तिच्यातला गंधक मागे राहतो. जास्त असेल तर यीस्टला तो जाचतो. काळपट, दिसायला गावंढळ गूळ घ्या. पोळीलाही तोच चांगला.

सडक्या अंड्याचा वास येतोय.

उपाशी यीस्ट. नत्र कमी पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. लवकर लक्षात आलं तर डीएपीचा दुसरा हप्ता द्या. वर पांढरी साय धरली असेल किंवा व्हिनेगरचा भपकारा येत असेल, तर मात्र बाहेरचे जिवाणू घुसलेत. अडकलेला वॉश जितका पडून राहील तितकं त्यांचं फावतं, म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" करू नका.

अडकलेला वॉश विषारी असतो का? मालवणीसारखं काही होणार नाही ना?

२०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलने. ते मिथेनॉल आंबवण बिघडून तयार झालेलं नव्हतं, औद्योगिक मिथेनॉल त्या दारूत मिसळलं होतं. आंबवताना मिथेनॉल येतं ते फळांच्या पेक्टिनमधून (जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ), आणि साखरेत पेक्टिन नाही. तेव्हा साखरेचा वॉश अर्ध्यात थांबला म्हणून त्यात विष तयार होत नाही. कुणी बाहेरून आणलेलं "स्पिरिट" तीव्रता वाढवायला मिसळतो म्हणाला, तर त्याच्या घरचं पाणीही पिऊ नका.

जाऊ दे, आहे तसाच भांड्यात ओतून गाळला तर?

जेवढं अल्कोहोल झालंय तेवढं मिळेल. पण विजेच्या कॉइलवर उरलेली साखर करपते आणि तो करपट वास दारूत उतरतो तो जात नाही. कॉइल खरवडण्यात रविवार जातो तो वेगळाच. १.०१० च्या आसपास असेल आणि सगळे उपाय थकले असतील तर मी समजू शकतो. १.०४० वर असेल तर पाणी घाला, शिंपले घाला, आठवडा द्या.

फेकून कधी द्यायचा?

पीएच सुधारला, ऊब दिली, पाणी घातलं, विरजण दोनदा लावलं आणि तरी आठवड्याने आकडा तोच, तर द्या. ५ किलो साखरेसाठी आणखी एक महिना घालवू नका. पीएच बघून, पाणी मिसळून परसातल्या कंपोस्टवर थोडाथोडा ओता. माझा पहिला मी रागाच्या भरात सगळाच्या सगळा लिंबाच्या बुंध्याशी ओतला होता. त्या वर्षी झाडाने लिंबं धरली नाहीत.